घरातल्या गिटारला व्हॉल्व्ह हवा की संगणक?

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या मुलाने घरात ॲम्प्लिफायर आणण्याचा विषय काढला, की पहिला प्रश्न किमतीचा निघतो आणि दुसरा शेजाऱ्यांचा. बारामती, इंदापूरसारख्या तालुक्याच्या गावांत त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडते. हे यंत्र बिघडले, तर दुरुस्त कोण करणार? बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर आणि इंदापूर तर त्याहून दूर. पुण्याच्या दुकानात ऐकलेला ॲम्प्लिफायर आपल्या घरी तसाच वाजेल का, हे दुकानात उभे राहून कळत नाही. दुसरीकडे, संगणकावर अथवा मोबाइलवर चालणारी सॉफ्टवेअर अशा ॲम्प्लिफायरचा आवाज हुबेहूब देण्याचा दावा करतात आणि त्यांपैकी काही तर विनामूल्य मिळतात.

या दोहोंचे पाठीराखे परस्परांचे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत क्वचितच असतात. व्हॉल्व्हवाल्यांच्या लेखी संगणकाचा आवाज निर्जीव, तर संगणकवाल्यांच्या लेखी व्हॉल्व्ह ही पुराणवस्तू. मात्र हा वाद बहुधा रंगमंचावरचा किंवा ध्वनिमुद्रण कक्षातला असतो. दोन-तीन खोल्यांच्या घरात, भिंतीपलीकडे शेजार असताना रोज तासभर वाजविणाऱ्याने त्यातून काय घ्यावे, हा प्रश्न बाजूलाच राहतो. तो सोडवायचा, तर व्हॉल्व्ह नेमके काय करतो, हे आधी पाहावे लागते.

रेडिओतला तोच दिवा

जुन्या पिढीला व्हॉल्व्हची ओळख करून देण्याची गरज नाही. दिवाणखान्यातला रेडिओ लावल्यावर लगेच बोलत नसे. आतले काचेचे दिवे तापून लालसर झाले, की मग हळूहळू आवाज येई. ते दिवे म्हणजेच व्हॉल्व्ह. अमेरिकेत त्यांना ट्यूब म्हणतात आणि गिटारवादकांत हाच शब्द रूढ आहे. जत्रेतल्या तंबूतील सिनेमाचा आवाजही एके काळी याच दिव्यांच्या ॲम्प्लिफायरमधून भोंग्यापर्यंत पोहोचत असे.

ब्रिटनमधील जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये पहिला व्हॉल्व्ह तयार केला. अमेरिकेतील ली द फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्यात तिसरा घटक घालण्याच्या दिशेने पाऊल टाकले आणि क्षीण विद्युतसंदेश मोठा करण्याचा मार्ग खुला झाला. निर्वात काचनळीत तापलेल्या धातूपासून इलेक्ट्रॉन निघतात आणि मधल्या जाळीवरचा बारीकसा संदेश त्यांचा मोठा प्रवाह कमी-जास्त करतो. कालव्यातले पाणी दाराच्या थोड्या उघडझापीने नियंत्रित व्हावे, तसाच हा प्रकार. भारतात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनविण्यास प्रारंभ केला होता. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि घराघरांतून व्हॉल्व्ह हद्दपार झाला. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये मात्र तो टिकून राहिला. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

दोषातून जन्मलेला गुण

इलेक्ट्रिक गिटारच्या तारेचा स्वतःचा आवाज अगदी क्षीण असतो. तारेखालील चुंबक आणि त्याभोवतीचे वेटोळे, म्हणजे पिकअप, तारेच्या कंपनाचे रूपांतर अल्पशा विद्युतदाबात करते. तो दाब वाढवून लाउडस्पीकरपर्यंत नेण्याचे काम ॲम्प्लिफायरचे. म्हणून गिटार हे वाद्याचे अर्धे अंग आणि ॲम्प्लिफायर दुसरे अर्धे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालविणारे लिओ फेंडर यांनी १९४० च्या दशकात गिटारसाठी ॲम्प्लिफायर बनविण्यास सुरुवात केली. त्यांचे ध्येय स्वच्छ आवाजाचे होते. वादकांनी मात्र त्याची कळ शेवटपर्यंत फिरविली. व्हॉल्व्हच्या क्षमतेपेक्षा मोठा संदेश आला, की ध्वनिलहरीचे शेंडे दबले जातात आणि आवाज फाटतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष. पण फाटलेला हा आवाज ऐकणाऱ्यांना आवडला. १९५१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ या अमेरिकी गाण्यातील गिटारचा खरखरीत स्वर प्रवासात बिघडलेल्या ॲम्प्लिफायरमुळे आला होता आणि तो तसाच ठेवण्यात आला. १९६२ मध्ये लंडनच्या पश्चिमेकडील हॅनवेल येथे वाद्यांचे दुकान चालविणारे जिम मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेंडर यांच्या ‘बेसमन’ या ॲम्प्लिफायरच्या आराखड्यावरून आपला ‘जेटीएम ४५’ घडविला. पुढच्या दशकातील रॉक संगीताचा आवाज बहुतांशी या दोन घराण्यांतून आला.

फाटलेला आवाज गोड कसा लागतो, याचे उत्तर आपल्याकडच्या तंबोऱ्यात सापडते. तंबोऱ्याची तार घोडीवर हलकेच घासत राहावी यासाठी खाली दोरा सरकवून ‘जवारी’ लावली जाते. त्यामुळे मूळ षड्जासोबत त्याच्या दुप्पट कंपनसंख्येचा तार षड्ज, तिप्पट कंपनसंख्येचा पंचम, पाचपट कंपनसंख्येचा गंधार असे स्वयंभू स्वर ठळक होतात आणि आवाज भरतो. व्हॉल्व्ह ताणला गेल्यावर याच जातीचे स्वर मूळ स्वरात मिसळतात. साध्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमध्ये लहरीचा शेंडा एकदम छाटला जातो, त्यामुळे वरच्या टोकाचे कर्कश स्वर अधिक उमटतात. व्हॉल्व्हमध्ये तो हळूहळू दबतो. वादकाने तार हलकी छेडली, तर स्वर स्वच्छ आणि जोराने छेडली तर फाटका. कळीला हात न लावता केवळ बोटांच्या जोरावर हा फरक साधता येतो. व्हॉल्व्हच्या चाहत्यांचा जीव अडकलेला असतो तो या प्रतिसादात.

पंधरा वॅट म्हणजे किती?

खरी अडचण येथून सुरू होते. व्हॉल्व्हची ही खुमारी तो ताणला गेल्यावर प्रकट होते आणि त्यातला बराच भाग शेवटच्या, म्हणजे लाउडस्पीकरला शक्ती पुरविणाऱ्या व्हॉल्व्हमधून येतो. हे व्हॉल्व्ह ताणायचे, तर आवाज मोठा करावाच लागतो.

किती मोठा, याचा हिशेब सोपा आहे. गिटारसाठी वापरले जाणारे नामांकित लाउडस्पीकर एका वॅटला एक मीटर अंतरावर सुमारे ९८ ते १०० डेसिबल आवाज देतात. पंधरा वॅटच्या ‘लहान’ ॲम्प्लिफायरचा पूर्ण आवाज त्यामुळे ११० डेसिबलच्या घरात जातो. ध्वनिप्रदूषण नियंत्रणासाठी केंद्र सरकारने २००० मध्ये केलेल्या नियमांनुसार निवासी भागातील आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. उघड्या खिडक्यांच्या घरात हे गणित जुळणे अशक्य.

कमी वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यावा, हा सल्ला नेहमी दिला जातो. मात्र मानवी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटण्यासाठी शक्ती एक दशांश करावी लागते. पन्नास वॅटऐवजी पाच वॅटचा ॲम्प्लिफायर आणला, तर आवाज साधारण अर्धाच होतो. एक वॅटचा आणला, तरी भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात तो पूर्ण क्षमतेने वाजविता येत नाही. ॲम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर यांच्यामध्ये ‘ॲटेन्युएटर’ नावाचे उपकरण बसवून जादा शक्ती उष्णतेच्या रूपात जिरविता येते. परंतु त्याचा खर्च वेगळा. शिवाय आवाज लहान झाला, की कानाला खर्ज आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखविले होते. त्यामुळे तोच ॲम्प्लिफायर हळू वाजविला असता पातळ वाटतो, यात यंत्राचा दोष नसतो.

सारांश, हजारो रुपये मोजून घरी आणलेला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर बहुतांश वेळ त्याच्या निम्म्या गुणांनिशीच वाजत राहतो. शेजारी आणि घरातली मंडळी तेवढ्याचीही तक्रार करतातच.

विजेचा दाब आणि अर्थिंग

नीरा डावा कालवा आणि उजनीच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या या पट्ट्यात, विशेषतः वाड्यावस्त्यांवर, विजेचा दाब हा नित्याचा विषय आहे. वाहिनीच्या टोकाला पंप सुरू झाले की दिवे मंदावतात. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर याचा थेट परिणाम होतो. व्हॉल्व्हचा तापक साधारणतः ६.३ व्होल्टवर चालतो आणि हा दाब बहुतेक यंत्रांत ट्रान्सफॉर्मरमधून सरळ येतो. घरातील २३० व्होल्टचे २०० झाले, तर तापकाला साडेपाचच व्होल्ट मिळतात. सर्वसाधारण मर्यादा दहा टक्क्यांची असल्याने असा पुरवठा दीर्घकाळ व्हॉल्व्हला मानवत नाही.

गंमत अशी, की ज्या कमी दाबाला येथे नावे ठेवली जातात, तो अमेरिकी गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी मुद्दाम घडवून आणला होता. ‘व्हेरियॅक’ नावाच्या उपकरणाने ते आपल्या मार्शल ॲम्प्लिफायरचा दाब कमी करीत आणि त्यातून मिळालेला दाट स्वर त्यांची ओळख ठरला. अर्थात त्यांच्या हाताशी दुरुस्तीची सोय होती. येथे कोणी त्याचे अनुकरण करू नये.

दाबापेक्षा गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या आत तीनशे ते पाचशे व्होल्टचा दाब असतो आणि यंत्र बंद करून पिन काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकून राहतो. रेडिओ, टीव्ही दुरुस्त करणाऱ्या नव्या पिढीतील अनेकांनी व्हॉल्व्ह हाताळलेलाच नसतो. त्यामुळे माहीतगार व्यक्तीखेरीज कोणीही हे यंत्र उघडणे जिवावर बेतू शकते. लाउडस्पीकर न जोडता ते चालू करणेही टाळावे, कारण त्यात महागडा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो.

गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. तीन पिनांपैकी मोठी पिन काढून टाकणे किंवा दोन पिनांचा जोड लावणे हे आपल्याकडे सर्रास चालते. तसे केले, तर बिघाडाच्या वेळी तीच वीज तारांवर, पर्यायाने वादकाच्या बोटांवर येते. १९७२ मध्ये ब्रिटनमधील स्वॉनसी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वृंदाचे गिटारवादक लेस्ली हार्वे यांचा अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मृत्यू झाला. घरातील अर्थिंग तपासून घेणे, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणे आणि गळतीची वीज तोडणारा स्विच बसविणे, हा खर्च ॲम्प्लिफायरच्या आधी करावयाचा आहे.

परदेशातील नातेवाइकाने अमेरिकेतून ॲम्प्लिफायर पाठविला, तर तो बहुधा १२० व्होल्टचा असतो. तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या जोडणीत लावल्यास क्षणात जळतो. योग्य क्षमतेचा दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर त्यासाठी अनिवार्य आहे.

सॉफ्टवेअर नक्कल कशी करते?

सॉफ्टवेअरची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ‘लाइन सिक्स’ या कंपनीने १९९८ मध्ये ‘पॉड’ हे लाल रंगाचे छोटे उपकरण बाजारात आणले आणि अनेक नामांकित ॲम्प्लिफायरच्या आवाजाची अंकीय नक्कल सामान्य वादकांच्या आवाक्यात आली. इटलीतील कंपनीचे ‘ॲम्प्लिट्यूब’ २००२ मध्ये आणि जर्मन कंपनीचे ‘गिटार रिग’ २००४ मध्ये घरच्या संगणकावर आले. त्या काळातील नक्कल कानाला चटकन ओळखू येई. वरचे स्वर मधमाशीसारखे गुणगुणत आणि हलकी-जड छेड यांतला फरक बोथट होई. सॉफ्टवेअरविषयीचे अनेकांचे प्रतिकूल मत त्याच काळात बनलेले आहे.

नक्कल करण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिलीत ॲम्प्लिफायरचा आराखडा समोर ठेवून त्यातील प्रत्येक व्हॉल्व्ह, रोधक आणि कपॅसिटर यांची समीकरणे मांडली जातात आणि संगणक ती सेकंदाला हजारो वेळा सोडवितो. दुसऱ्या रीतीत यंत्राच्या आत काय आहे, याची फिकीर केली जात नाही. ठरावीक ध्वनी खऱ्या ॲम्प्लिफायरमधून सोडायचा, बाहेर काय आले ते मुद्रित करायचे आणि आत गेलेल्या व बाहेर आलेल्या ध्वनींतला संबंध संगणकाने स्वतः शिकायचा. जर्मनीतील ‘केम्पर’ या यंत्राने २०११ मध्ये अशा प्रकारे आवाज टिपण्याची सोय वादकांच्या हाती दिली.

पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेने या दुसऱ्या रीतीला गती दिली. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची नक्कल न्यूरल नेटवर्कच्या साह्याने, वाजवीत असतानाच करता येते, हे दाखविले. आज ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. एखाद्या ॲम्प्लिफायरमधून काही मिनिटांचा नमुना ध्वनी मुद्रित केला, की त्याची प्रतिकृती तयार करता येते आणि जगभरातील वादक अशा प्रतिकृती एकमेकांना देतात. ज्या ॲम्प्लिफायरची दुरुस्ती पुण्यातही अवघड, त्याचा आवाज इंदापूरच्या विद्यार्थ्याला काही मिनिटांत मिळू शकतो, तो या मार्गाने.

हाती काय येते, काय निसटते

सॉफ्टवेअर नक्कल करते ती कशाची, हा कळीचा मुद्दा आहे. खोलीत ठेवलेल्या ॲम्प्लिफायरसमोर उभे राहिल्यावर जो आवाज येतो, त्याची नक्कल सहसा केली जात नाही. लाउडस्पीकरच्या अगदी जवळ मायक्रोफोन ठेवून जो आवाज मुद्रित होतो, तो सॉफ्टवेअर देते. लाउडस्पीकर, त्याची पेटी आणि मायक्रोफोन यांचा एकत्रित ठसा एका छोट्या फाइलमध्ये साठविलेला असतो. ध्वनिमुद्रिकांतून आणि चित्रपटगीतांतून कानांवर पडलेली गिटार हीच मायक्रोफोनसमोरची गिटार असते. त्यामुळे ध्वनिमुद्रणासाठी सॉफ्टवेअर चपखल बसते, आणि नुकताच खरा ॲम्प्लिफायर वाजवून आलेल्याला मात्र हेडफोनमधला आवाज दूरचा, डबीतला वाटतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते.

काही गोष्टी खरोखरच निसटतात. मोठ्या आवाजात लाउडस्पीकरमधून आलेली हवेची लाट गिटारच्या तारांना पुन्हा कंप देते आणि स्वर लांबत जातो. हेडफोनवर हे घडत नाही. बारा इंची लाउडस्पीकरने छातीला जाणवणारा धक्का टेबलावरचे स्पीकर देऊ शकत नाहीत. टिपलेली प्रतिकृती बहुधा कळांच्या एकाच मांडणीची असते. खऱ्या यंत्राची प्रत्येक कळ फिरविल्यावर होणारा बदल तिच्यात असेलच असे नाही.

मात्र व्यावसायिक रंगमंचानेही सॉफ्टवेअर स्वीकारले आहे, हे नोंदविले पाहिजे. अमेरिकेतील ‘मेटालिका’ या वृंदाने डिसेंबर २०१३ मध्ये अंटार्क्टिकावरील अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर कार्यक्रम केला. तेथील नाजूक पर्यावरणात मोठा आवाज चालणार नव्हता. त्यामुळे ॲम्प्लिफायर न लावता अंकीय यंत्रांतून वादन झाले आणि श्रोत्यांनी ते हेडफोनवर ऐकले. रात्री दहानंतर वाजवू इच्छिणाऱ्या गिटारवादकाची अडचण यापेक्षा फार वेगळी नाही.

विलंब किती सहन होतो?

तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो, ही सॉफ्टवेअरबद्दलची सर्वांत जुनी तक्रार. ती खरी आहे, पण तिचे मूळ बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नसते. संगणक ध्वनीचे तुकडे गोळा करून एकदम प्रक्रिया करतो. सेकंदाला ४८ हजार नमुने घेतले जात असतील आणि एका तुकड्यात १२८ नमुने असतील, तर एका तुकड्यासाठी सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. येणे, जाणे आणि रूपांतर धरून एकूण विलंब दहा मिलिसेकंदांच्या आसपास ठेवता येतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा विलंब हा ॲम्प्लिफायरपासून साडेतीन मीटरवर उभे राहण्याइतका झाला. रंगमंचावर वादक एवढ्या अंतरावर नेहमीच असतात.

विलंब पन्नास, शंभर मिलिसेकंदांवर गेला, की वाजविणे अशक्य होते. गिटारची वायर संगणकाच्या मायक्रोफोनच्या छिद्रात घातली, तर हेच घडते. त्यासाठी गिटारकरिता वेगळी जोडणी असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि त्यासोबतचा योग्य ड्रायव्हर लागतो. ब्लूटूथ हेडफोन विलंबामुळे येथे निरुपयोगी ठरतात. वायरचाच हेडफोन घ्यावा. लॅपटॉपचा चार्जर जोडल्यावर घरघर येत असेल, तर काही काळ बॅटरीवर चालवून पाहावे. बहुतेकदा दोष अर्थिंगमध्ये आढळतो. वीज गेली तरी लॅपटॉपवर रियाज चालू राहतो, ही या भागात लहान सोय नव्हे.

हेडफोनचा एक धोकाही आहे. भोवतालच्यांना त्रास होत नसल्याने आवाज वाढत जातो आणि कोणी टोकत नाही. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांहून अधिक काळ राहणे कानांना घातक मानले जाते, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ११० डेसिबलच्या ॲम्प्लिफायरसमोर ती काही मिनिटांवर येते. कानांची हानी भरून निघत नाही, हे दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवावे.

तंबोऱ्याने घालून दिलेला धडा

हा पेच मराठी घरांना तसा अनोळखी नाही. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला, तेव्हा अशाच शंका घेतल्या गेल्या. यंत्राला जवारी कशी येणार, हा प्रश्न रास्त होता. पुढे त्याच्या छोट्या पेट्या गायकांच्या घरोघरी पोहोचल्या आणि आता ते काम मोबाइल करतो. तरीही मिरजेतील कारागिरांनी भोपळ्यापासून घडविलेला तंबोरा मैफलीच्या रंगमंचावरून उतरलेला नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पहाटेच्या रियाजाला पेटी अथवा मोबाइल आणि मैफलीला खरा तंबोरा, अशी वाटणी अनेक गायकांनी कोणताही गाजावाजा न करता करून टाकली आहे.

त्यातही जाणती गुरुमंडळी एक पथ्य सांगतात. शिष्याने अधूनमधून खरा तंबोरा स्वतः जुळवावा आणि त्याची जवारी कानात साठवावी. म्हणजे यंत्रात काय उणे आहे, हे त्याला कळते. गिटारवादकालाही हे पथ्य लागू पडते. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर कधीच न वाजविलेला विद्यार्थी सॉफ्टवेअरमधल्या शेकडो आवाजांत हरवून जाण्याची शक्यता असते, कारण कशाची नक्कल चालली आहे, हेच त्याला ठाऊक नसते. रियाजाच्या तासातील निम्मा वेळ पडद्यावरच्या कळा फिरविण्यात जातो, ही पालकांची आणि शिक्षकांची तक्रार खोटी नाही.

घरासाठी हिशेब

नव्याने शिकणाऱ्याने किंवा घरीच वाजविणाऱ्याने व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर घेण्याचे कारण आज दिसत नाही. त्याचे गुण ज्या मोठ्या आवाजात खुलतात, तो आवाज घराला परवडत नाही. नव्या आयात यंत्राची किंमत शिकाऊ गिटारच्या कित्येक पट असते. शक्ती पुरविणारे व्हॉल्व्ह नियमित वापरात काही वर्षांनी बदलावे लागतात आणि ते मोजक्याच देशांत, मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये तयार होतात. २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा जगभर व्हॉल्व्हचा तुटवडा भासला आणि किमती वाढल्या.

घरात लॅपटॉप असेल, तर साधा ऑडिओ इंटरफेस, वायरचा चांगला हेडफोन आणि विनामूल्य सॉफ्टवेअर एवढ्यावर सुरुवात करता येते. हे सारे मिळून मध्यम प्रतीच्या मोबाइलपेक्षा कमी खर्चात बसू शकते. पडद्यासमोर बसणे नको असेल, तर अंकीय नक्कल अंतर्भूत असलेले छोटे ॲम्प्लिफायर मिळतात. यामाहाची ‘टीएचआर’ ही मालिका २०११ पासून आणि बॉसची ‘कटाना’ २०१६ पासून बाजारात आहे. यांत व्हॉल्व्ह नसल्याने ते बदलण्याचा प्रश्न येत नाही आणि हळू आवाजातही स्वर भरीव राहतो. आवाजाच्या निवडीत वेळ जाऊ नये, म्हणून एक स्वच्छ आणि एक फाटका असे दोनच आवाज ठरवून महिनाभर त्यांवरच रियाज करावा, हा अनुभवी शिक्षकांचा सल्ला उपयुक्त आहे.

वाचलेल्या पैशांतून आधी गिटारची दुरुस्ती-जुळवणी आणि शिक्षकाचे शुल्क भागवावे. तारा उंच बसलेली, बेसूर होणारी गिटार जगातील कोणत्याही ॲम्प्लिफायरमधून बेसूरच वाजते.

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची जागा रंगमंचावर आणि ध्वनिमुद्रण कक्षात कायम आहे. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि विद्या प्रतिष्ठानच्या संकुलात शिकणारी मुले स्नेहसंमेलनात गिटार घेऊन उभी राहतात, तेव्हा चार-पाच जणांनी मिळून एखादा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर पुण्याहून भाड्याने आणणे हा शहाणपणाचा मार्ग ठरेल. पुण्यात तासावर भाड्याने मिळणाऱ्या सरावखोल्यांत जाऊन तो वाजवून पाहता येतो. एकदा तरी खऱ्या यंत्राची कळ वर नेऊन, बोटांच्या जोराने स्वर कसा बदलतो, हे अंगावर घ्यावे. त्यानंतर घरी परतून हेडफोन लावला, की पडद्यावरच्या कोणत्या कळेला हात लावायचा आणि कोणत्या कळा विसरायच्या, याचा उमज आपोआप पडतो.